सागवानाची बोटं

माझ्या हाताला गुण आहे, असं आमच्या सावली तालुक्यात लोक बरीच वर्षं म्हणत होते. वैद्याच्या हाताला असतो, सुईणीच्या हाताला असतो, तसा माझ्या हाताला होता. फक्त माझे रोगी म्हणजे रेल्वे तिकिटांची ऑनलाइन खाती. ज्याचं खातं उघडत नसे तो माझ्याकडे यायचा. मी त्याला खुर्चीतून उठवायचो, स्वतः बसायचो, त्याचाच पासवर्ड टाकायचो आणि खातं उघडायचं. मग मी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघायचो. त्या बघण्याचे मी वेगळे पैसे घेत नसे.

संपादकांनी 'तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव' मागितले आहेत. गमतीदार आहेतच. शेवटच्या अनुभवात हसायचं कोणाला, ते वाचकांनी ठरवावं.

मी मूळचा टायपिंगचा मास्तर. शेख मास्तर. वडील बसस्टँडजवळ घड्याळं दुरुस्त करत. त्यांची नजर मला मिळाली, धीर मिळाला नाही, म्हणून मी त्याच जागेत टायपिंग इन्स्टिट्यूट काढली. नव्वदच्या दशकात आमच्या तहसीलमध्ये, पंचायत समितीत, वनखात्यात जो कोणी कारकून खटखट करताना दिसे, तो माझ्या पट्टीखालून गेलेला असे. माझे नियम तीन. बटणांकडे बघायचं नाही. ज्या बोटाची जी अक्षरं, ती त्याच बोटानं. आणि ओळ संपली की पूर्णविराम, तो विसरला तर सगळं पान पुन्हा. पोरं मला मागून काय म्हणत ते मला माहीत आहे, इथं छापण्यासारखं नाही.

मग संगणक आला. माझ्या आठ टायपिंग यंत्रांपैकी सात एकेक करून भंगारात गेली, एक तेवढं मी आठवण म्हणून पोत्यात बांधून ठेवलं. दोन हजारनंतर दोन संगणक घेतले, टेलिफोनची तार जोडली आणि पाटी बदलली. पाटीवर 'इंटरनेट' लिहिलं तेव्हा शेजारच्या पानठेलेवाल्यानं विचारलं, "मास्तर, हे किलोनं मिळते का नगानं?" मी म्हणालो, तासानं. तो म्हणाला, मग महाग आहे.

धंदा चालला तो रेल्वेच्या तिकिटांनी. सावलीच्या माणसाला आरक्षण काढायचं म्हणजे एसटीनं चंद्रपूर, तिथं खिडकीसमोरची रांग, आपला नंबर येईपर्यंत जेवणाची सुट्टी, आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं परत. आता तेच तिकीट माझ्या दुकानात कागदावर छापून मिळू लागलं. तो छापलेला कागद हेच तिकीट. तो हातात नसेल तर गाडीत जागा असून नसल्यासारखी.

ज्यांनी ही भानगड कधी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिकीट काढायला आधी त्या साइटवर आपलं खातं लागतं. खात्याला एक नाव आणि एक पासवर्ड, म्हणजे फक्त आपल्यालाच माहीत असलेला शब्द. तो शब्द आपण टाकतो तेव्हा पडद्यावर अक्षरं दिसत नाहीत, प्रत्येक अक्षरामागं एक काळा ठिपका उमटतो. कोणी मागून बघू नये म्हणून. आमच्याकडे मागून बघणाऱ्याची सोय कधीच अडली नाही, कारण पासवर्ड टाकणारा प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणत असे. शब्द विसरला तर साइट खुणेचे प्रश्न विचारते, जन्मतारीख, जन्मगाव वगैरे. आणि पाचसहा वेळा चुकलात तर ती रुसते आणि दिवसभर दार उघडत नाही.

ह्या जन्मतारखेनं मला फार हसवलं. कोहळे गुरुजी म्हणून निवृत्त मास्तर होते, मुलगा पुण्याला, म्हणून ते माझं ठरलेलं गिऱ्हाईक. एकदा त्यांना स्वतःची जन्मतारीखच जमेना. एक जुलै टाकली, चूक. मी विचारलं, "गुरुजी, खरी कोणती?" तर म्हणाले, "मास्तर, मीच चाळीस वर्षं गावच्या सगळ्या पोरांची एक जुलै लिहिली. माह्या मास्तरनं माही काय लिहिली, मले काय मालूम?" शेवटी एक जून निघाली. त्यांच्या गुरुजींचा महिना वेगळा होता.

दुसरे एक राइसमिलवाले शेठ. त्यांच्या जन्मगावाचं उत्तर साइट घेईना. चंद्रपूर टाकलं, दोन स्पेलिंगांनी टाकलं, शेठ घामाघूम. "माहा जन्म चंद्रपूरचाच आहे, माही माय खोटी बोलन का?" मी विचारलं, "शेठ, तुमची माय कुठं जन्म झाला म्हणते?" म्हणाले, "चांद्याले." चांदा टाकलं, उघडलं. जिल्ह्याचं नाव सरकारनं कधीच बदललं होतं, शेठच्या बोटांना कोणी कळवलं नव्हतं. ह्याच शेठनं आपला पासवर्ड माझ्या कानात सांगितला होता, तोंडावर उपरणं धरून. मला ऐकू आलं नाही म्हणून मग दुकानाच्या दारातून ओरडून सांगितला. तो त्यांचंच नाव होता.

अशा लोकांत राहून माणसाला आपण फार हुशार आहोत असं वाटू लागतं. मला वाटू लागलंच. लोकांची खाती मीच काढून द्यायचो. ते शब्द सांगत, मी टाकत असे. पुढं कधी त्यांनी स्वतः टाकून पाहिला, मुलाकडे, भाच्याकडे, दुसऱ्या गावच्या दुकानात, की हमखास 'पासवर्ड चुकीचा'. मग ते माझ्याकडे येत, मी टाकला की बरोबर. तालुका म्हणायचा, "शेख मास्तरच्या हाताले गुण आहे." मी म्हणायचो, "गुण नाई, शिस्त आहे. तुमी बटणं बदडता." क्वचित कोणी चंद्रपूरच्या एखाद्या दुकानातून खातं काढून आणलेला यायचा. त्याचा पासवर्ड मात्र मी टाकला तरी चालत नसे. त्याला मी सांगायचो, "त्या चांद्यावाल्यानं तुमचं खातंच वाकडं काढलं," आणि त्याला नवं खातं काढून द्यायचो. तो आभार मानून जायचा. हे लिहिताना मला आता घाम फुटतो, पण तेव्हा मी शांतपणे चहा प्यायचो.

ललिता मडावी माझ्याकडे आली ती अशा माझ्या भरभराटीच्या दिवसांत.

सावलीपासून एसटीनं पाऊण तास आणि पुढं जंगलातून कोसभर पायी, असा तिचा टोला, म्हणजे छोटी वस्ती. घरी आई आणि धानाचा एक तुकडा. ती वसतिगृहात राहून शिकली, गडचिरोलीला नर्सिंगचा कोर्स केला आणि दिल्लीच्या एका मोठ्या दवाखान्यानं तिला मुलाखतीला बोलावलं. तिच्या टोल्यावरून नागपूरच्या पुढं कोणी गेलेलं नव्हतं. ते पत्र तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्या पिशवीला कापडाच्या पिशवीत घालून आणलं होतं. मला वाचायला दिलं आणि मी वाचेपर्यंत पत्राचं एक टोक धरून ठेवलं.

मी तिचं खातं काढलं. पासवर्ड काय ठेवायचा विचारलं तर तिनं एक शब्द सांगितला. तो इथं लिहीत नाही, तेवढी अक्कल मला आता आली आहे. तिकीट निघालं, जागा पक्की झाली आणि मी छापायला घेणार तेवढ्यात लाइट गेली. तो लोडशेडिंगचा काळ. आमच्याकडे लाइट जायची तिला वेळापत्रक होतं, यायची तिला नव्हतं. तिची शेवटची एसटी सुटत होती.

"जाऊ दे," मी म्हणालो, "तुहं खातं आहे, तुहा पासवर्ड आहे. निघाच्या दिवशी चांद्याले कोणत्याबी नेटवर जाऊन छापून घे. गाडी तं तिथूनच आहे."

"माह्याने होईन ना, मास्तर?" तिनं विचारलं.

"कोर्स केला ना तू? इतकं नाई होत?"

ती हसली आणि गेली.

तिच्या गाडीच्या दिवशी दुकान गच्च भरलेलं होतं. लाइट सकाळपासून नव्हती, म्हणूनच भरलेलं होतं. कामं खोळंबलेली, लोक बाकांवर, दारात, पायऱ्यांवर बसलेले आणि कोणाला काही उद्योग नाही. अशा वेळी लोकांना काहीतरी लागतं. फोन वाजला. तारेच्या फोनला लाइट लागत नाही.

"मास्तर, मी ललिता बोलून राह्यली. चांद्याहून."

"बोल."

"खातं उघडून नाई राह्यलं. पासवर्ड चुकला म्हणते. चार खेप टाकला."

"मग चुकला असन."

"नाई चुकला, मास्तर. एक-एक अक्षर पाहून टाकला मी. गाडीले दोन तास आहेत. तुमच्या इथून काही होते का?"

होण्यासारखं काही नव्हतं. लाइट कधी येईल ह्याचा भरवसा नव्हता, गाडी दोनची होती. एवढं साधं सांगायचं होतं. वर हेही सांगता आलं असतं, की तशीच स्टेशनवर जा, पत्र दाखव, ओळखपत्र दाखव, नाव यादीत आहे म्हणून टीसीला सांग, दंड भरावा लागला तर भर, पण चढ. मला हे सुचायला हवं होतं. माझा धंदाच तो. पण समोर वीसपंचवीस रिकामी तोंडं माझ्याकडे बघत होती आणि मला सुचली ती मस्करी.

"अवं, सागवानाची बोटं आहेत का तुही?" मी दुकानभर ऐकू जाईल असं म्हणालो. "पासवर्ड टाकाचा आहे, झाड नाई तोडाचं! कुऱ्हाड चालवून राह्यली का तिथी? मशीन खोटं बोलत नाई, तुहंच बोट चुकून राह्यलं."

दुकान हसलं. चांगलं पोटभर हसलं. एकजण म्हणाला, "मास्तर, सागवान आहे तं फॉरेस्टवाले धरतीन तिले." पुन्हा हसले. मीही हसलो. फोन माझ्या कानालाच होता.

"बरं," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

ती त्या गाडीनं गेली नाही, हे मला आठवड्यानं कोहळे गुरुजींकडून कळलं. तिनं आणखी दोन वेळा पासवर्ड टाकला आणि खातं दिवसभरासाठी बंद झालं. बिनकागदाचं गाडीत चढायची तिची छाती झाली नाही. फलाटावर उभी राहून तिनं गाडी जाऊ दिली. मी गुरुजींना म्हणालो, "आता आपण काय करणार? मशीनसमोर सगळे सारखे." असं काहीतरी वजनदार बोललं की विषय संपतो.

त्यानंतर महिनाभरानं दुकानाचं शटर लावताना माझ्या उजव्या हाताची अनामिका, म्हणजे करंगळीशेजारचं बोट, त्यात सापडली. डॉक्टरांनी पट्टी बांधून बोट ताठ केलं आणि हलवू नका म्हणून सांगितलं. मी म्हटलं, नऊ बोटं पुष्कळ आहेत. आमच्या गिऱ्हाइकांत तर दोनवरच सगळा कारभार चालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोहळे गुरुजी आले, पुण्याचं तिकीट काढायला. त्यांचा पासवर्ड होता गणपती, इंग्रजी अक्षरांत. (गुरुजींच्या परवानगीनं लिहितो, आता तो बदललाय.) मी टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा. गुरुजी पुढं वाकले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमचीबी बोटं सागवानाची झाली का?"

मी म्हणालो, बोट दुखतं म्हणून चुकलं असेल. पण त्यांच्यामागं वनखात्याचे बाबू होते, त्यांचंही उघडेना. मग राइसमिलवाले शेठ, त्यांचं नाव मला पाठ, तेही उघडेना. दुपारपर्यंत पाच जणांना खातं न उघडता मी माझ्या हातानं परत पाठवलं. ज्या हाताला गुण होता त्याच हातानं. लोक नुसते माझ्या बोटाच्या पट्टीकडे बघून गेले. देवळातल्या मूर्तीचा हात तुटल्यावर बघतात तसे.

दुकान रिकामं झाल्यावर मी पोत्यातून ते एक यंत्र, इंग्रजी टाइपरायटर, काढलं. पडदा ठिपके दाखवतो, कागद तरी खरं सांगेल म्हणून. गणपती टाइप केलं. कागदावर गणपतीच उमटलं, एकही अक्षर चुकलं नव्हतं. पण शेवटचं अक्षर दाबलं आणि पट्टीतल्या बोटातून एक कळ गेली. मी पुन्हा टाइप केलं. पुन्हा शेवटी कळ. आता गणपती ह्या शब्दात त्या बोटाचं एकही अक्षर नाही. मग त्यानं हलायचं काय कारण? मी तिसऱ्यांदा टाइप केलं, हळू, आणि बोटाकडे बघत राहिलो. माझाच पहिला नियम मोडून. शब्द संपला तसं ते बांधलेलं बोट आपोआप खाली झुकलं. एका बटणाकडे. पूर्णविरामाच्या. पट्टीमुळं ते तिथवर पोचत नव्हतं.

ओळ संपली की पूर्णविराम. वीस वर्षं मी पोरांना शिकवत होतो, आणि सगळ्यात पक्कं माझं बोट शिकलं होतं. मी तालुक्याचा प्रत्येक पासवर्ड टाकला होता तो मागं एक टिंब लावून. दुसऱ्यांदा खात्रीसाठी टाकायचा, तेव्हाही टिंब लावून. दुसरीकडे कुठंही ते दिसलं असतं, पण पडद्यावर सगळेच ठिपके. ठिपक्यांत एक ठिपका जास्त, कोण मोजतो! त्यामुळं माझ्या हातानं सगळ्यांची खाती उघडायची आणि ज्यांची खाती त्यांच्या हातानं उघडायची नाहीत. हाताला गुण होता तो एवढाच.

मी डाव्या हातानं गुरुजींचा शब्द टाकला, मागं टिंब दिलं. उघडलं. शेठचं उघडलं. मग मी ललिताचं उघडलं. तिचं तिकीट तिथं तसंच होतं. नाव, वय, खिडकीजवळची जागा, आणि होऊन गेलेली तारीख. एक-एक अक्षर पाहून टाकला मी, असं ती म्हणाली होती. टाकलाच होता. तिचं एकही बोट चुकलं नव्हतं. मला खूप लाज वाटली. दुसरा शब्द शोधून सापडत नाही.

घरी गेलो, ताट पुढं आलं, मी जेवेना. बायकोनं काय झालं विचारलं. सगळं सांगितलं. माझी बायको कमी बोलते आणि हिंदीत बोलते. म्हणाली, "शरम आ रही है तो जाओ उसके पास. नहीं आ रही तो खाना खाओ."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी तिच्या टोल्यावर गेलो. अंगणभर मोहफुलं वाळत घातली होती, तिची आई काठी घेऊन कोंबड्या हाकलत होती. तिनं मला खाट दिली, पाणी दिलं. ललिता टोपली घेऊन जंगलातून आली. मला पाहून तिनं टोपली खाली ठेवली, बसली मात्र नाही.

मी वाटेत फार चांगली वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. "ललिता, तुहं बोट नोतं चुकलं," मी म्हणालो. "माहं चुकलं होतं." आणि टिंबाचं सगळं सांगितलं. बांधलेलं बोटही दाखवलं, पुरावा म्हणून.

तिनं टोपली अंगणात उपडी केली. मग आत गेली आणि एक पत्र घेऊन आली. त्याच दवाखान्याचं. काही जागा राहिल्या म्हणून त्यांनी न आलेल्यांना पुन्हा बोलावलं होतं. मुलाखतीला पंधरा दिवस होते.

"मी जाणार नोती," ती म्हणाली. "तिथी पेशंटचं सगळं कॉम्प्युटरवरच लिहा लागते म्हणे. मले वाटलं, माह्याने नाई होत. तुमी मास्तर आहा. तुमी म्हटलं तं मले खरंच वाटलं. त्या दिवसापासून मी मशीनले हात नाई लावला."

"आता लाव ना. मी उद्याच तिकीट काढून आणून देतो तुले इथी, छापून."

"काऊन?"

काऊन, म्हणजे कशासाठी, ते सांगायच्या ऐवजी मी तारीख लिहून घ्यायला खिशातून पेन काढलं.

"मास्तर, तुमाले मालूम आहे का, सावलीच्या बाजारात मले काय म्हणते? सागवान. मोहफुलं विकाले बसली, तं म्हणते, सागवान आली. माह्या मायले विचारते, बाई, सागवान घरी आहे का? कोणी ठेवलं हे नाव?"

तिची आई कोंबड्या हाकलायची थांबली होती.

"माफ कर," मी म्हणालो. हा शब्द मी आयुष्यात फार वापरलेला नाही, तरी बरा आला.

"तुमी बोलले तवा दुकान भरून होतं ना?" ललिता म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मले फोनवर हसणं आयकू आलं. सगळं आयकू आलं. आता इथी कोन आहे आयकाले? माही माय अन् कोंबड्या. तेव्हाचं तेवढ्या लोकांत, अन् आताचं इतक्यात?"

मी जुन्या पत्रासारखा घडी होऊन बसलो होतो.

"बाजाराच्या दिवशी मी येईन सावलीले," ती म्हणाली. "बारा वाजता."

बाजाराचा दिवस येईपर्यंत मी बरेच विचार केले, ते सगळे भित्रे होते. बोट जास्त दुखतं असं सांगून दुकान बंद ठेवावं, असाही एक होता. दुसरा विचार धंद्याचा. हे टिंब एकदा सांगितलं की अर्ध्या तालुक्याची खाती त्यांच्या घरी, मुलाकडे, भाच्याकडे उघडणार, आणि माझ्या चष्म्याच्या वरून बघण्याला काही किंमत राहणार नव्हती. ती तशी राहिली नाहीच. पुढल्या वर्षभरात दोन संगणकांपैकी एक झाकून ठेवावा लागला. पण ते पुढचं.

बाराला ती आली. दुकान भरलेलंच होतं, बाजारामुळं आणि त्या दिवशी लाइटही होती. कोणीतरी दारातून म्हणालंच, "आली, सागवान आली." ती दाराच्या आत उभी राहिली आणि माझ्याकडे बघू लागली.

मी उभा राहिलो. "आयका जरा सगळे," मी म्हणालो. "ह्या पोरीची गाडी हुकली ती माह्यामुळं. तिचं बोट चुकलं नोतं. मी तिचा पासवर्ड टाकताना मागं एक टिंब देऊन ठेवलं, अन् तिले सांगितलं नाई, कारण मलेच मालूम नोतं. सागवानाची बोटं माही होती. ज्यानं तिले नाव ठेवलं तो मी. चूक माही, अन् हसलो मी."

मला वाटलं, आता लोक मला काय काय बोलतील. पण माणसांचा अंदाज मला कधीच आलेला नाही. वनखात्याचे बाबू म्हणाले, "मास्तर, टिंब? मग माह्याबी मागं आहे का?" शेठ म्हणाले, "माह्या नावाच्या मागं का पुढं?" आणि एकदम गलका झाला. कोणी कागद मागतोय, कोणी मुलाला फोन लावतोय, "अबे, टिंब दे मागं, टिंब!" ललिताकडे कोणाचं लक्षही नव्हतं. माझ्या कबुलीची गंमत म्हणजे ती सगळ्यांनी ऐकली आणि प्रत्येकानं स्वतःपुरती ऐकली.

फक्त कोहळे गुरुजी उठले. त्यांनी चाळीस वर्षं वर्ग सांभाळले होते. टेबलावर हात आपटून म्हणाले, "चुप बसा रे! त्या पोरीचं आधी होऊ द्या." आणि दुकान चूप बसलं. मघाशी दारातून 'सागवान आली' म्हणणारा बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकला.

मी माझ्या खुर्चीकडे हात केला. ललिता पुढं आली. मी नेहमीसारखा खुर्चीमागं जाऊन उभा राहिलो, बटणांवर नजर, पाठीमागं हात. तिनं मागं वळून पाहिलं.

"मास्तर," ती म्हणाली, "तोंड तिकडे करा."

मी भिंतीकडे तोंड केलं. मागून बटणांचा आवाज येऊ लागला. एका बोटानं टाकत होती, थांबून थांबून, आणि ते बोट नक्की चुकीचं होतं. आवाजावरून मला ते कळतं. माझी जीभ वळवळत होती, पण ती मी दातांत धरली. एकदा टाकलं. मग पासवर्ड बदलला असावा, कारण पुन्हा टाकलं, आणि पुन्हा एकदा तेवढंच.

"उघडलं," ती म्हणाली. माझ्याशी नाही, दुकानाशी.

ती दिल्लीचं तिकीट काढत होती आणि तिला विचारायला कोणी लागलं नाही. शेवटी प्रिंटर कुरकुरला, कागद ओढल्याचा आवाज आला, टेबलावर पैसे ठेवल्याचा आवाज आला. पायऱ्यांवर चपला वाजल्या आणि बाजाराच्या गोंगाटात मिसळून गेल्या. मी भिंतीकडेच बघत होतो. तिनं फिरा म्हटलं नव्हतं.

"गेली ती, मास्तर," कोहळे गुरुजी म्हणाले. "फिरा आता."